शेठ जमनालालजी बजाज : दत्तक वारसा आणि विश्वस्तवृत्ती

नागपूर-अमरावती हमरस्त्यावरील आपल्या तळेगावाहून आर्वीमार्गे वर्ध्याकडे निघाले की दुतर्फा कापसाची शेते लागतात. याच पांढऱ्या सोन्याने गेल्या शतकाच्या आरंभी वर्धा जिल्ह्यातील व्यापारी पेढ्या नावारूपास आणल्या. आर्वीचा कापूस वाहून नेण्यासाठी १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज गाडी सुरू झाली. हिंगणघाट, पुलगाव, वर्धा येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने धडाडू लागले. राजस्थान-गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन आलेल्या घराण्यांनी येथे दुकाने मांडली, सावकारी केली, धर्मशाळा व मंदिरे बांधली. पेढ्या वाढल्या तसे वारसांचे तंटेही वाढले. भावाभावांत, काका-पुतण्यांत, दत्तक आणि औरस यांच्यात दिवाण्या लागल्या आणि दोन पिढ्यांनी जोडलेले वकिलांच्या फीमध्ये गेले, अशी घराणी प्रत्येक गावाच्या स्मरणात आहेत.

अशा काळात वर्ध्यात एक असा धनिक होऊन गेला की ज्याने वारशाच्या वादाला आपल्या सतराव्या वर्षीच तोंड दिले, तो वाद न्यायालयाची पायरी न चढता मिटला, आणि पुढे सारे आयुष्य त्याने मिळालेल्या संपत्तीकडे मालक म्हणून नव्हे तर मुनीम म्हणून पाहिले. ते शेठ जमनालालजी बजाज. ते वैष्णव अग्रवाल कुळातील, जैन नव्हेत. तथापि श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाणाला जे स्थान आहे ते जाणणाऱ्या वाचकांस या स्मरणिकेत त्यांचे चरित्र परके वाटू नये.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकर ठिकाण्यातील काशी का बास या लहानशा खेड्यात कनीरामजी व बिरदीबाई या दांपत्याच्या पोटी झाला. घरची स्थिती अगदी साधारण. वर्ध्याचे शेठ बच्छराजजी हे दूरच्या नात्यातले. त्यांचा व्यापार मोठा, सरकारदरबारी मान मोठा, परंतु घरात वंशाचा दिवा नव्हता. त्यांनी दत्तक घेतलेला पुत्र रामधनदास अल्पवयात निवर्तला. त्याच्या मागे नाव चालावे म्हणून नातू दत्तक घेण्याचा विचार पति-पत्नींनी केला. मुलुखाकडे गेले असता सेठाणी सदीबाईंची दृष्टी चार-पाच वर्षांच्या जमनालालवर खिळली. आईबाप मुलगा देण्यास सहजी राजी होईनात. अखेर त्यांनी होकार दिला, परंतु मुलाच्या बदल्यात पैसा घेण्याचे नाकारले. गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते. तेव्हा बच्छराजजींनी गावासाठी विहीर खोदून द्यावी एवढेच ठरले, आणि त्यांनी ती खोदून दिली. एका घराचा मुलगा गेला आणि साऱ्या गावाला पाणी मिळाले. पुढील आयुष्याचा सारा हिशेब पाहता या जमेच्या पहिल्या नोंदीकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही.

दत्तकविधान हा त्या काळी व्यापारी घराण्यांच्या जीवनातील नित्याचा प्रसंग असला तरी तंट्याचे बीजही बहुधा त्यातच असे. आपल्या जैन समाजातील दत्तकाची रूढी तर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेली आहे. जैन विधवेला पतीच्या पूर्वपरवानगीवाचून दत्तक घेता येते, कारण जैनांत दत्तक ही पिंडदानासाठी केलेली धार्मिक क्रिया नसून लौकिक व्यवस्था आहे, ही रूढी प्रिव्ही कौन्सिलने १८७८ मध्ये मान्य केली. १९५६ चा दत्तक व पोटगीचा कायदा येईपर्यंत अशा रूढींच्या पुराव्यावर कित्येक घराणी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडली. दत्तक मुलगा येतो तो दुसऱ्याच्या घरातून. त्याच्यावर पेढीतील जुन्या माणसांची नजर असते, भाऊबंदांची असते, आणि दत्तक घेणाऱ्या वृद्धाची तर सर्वांत अधिक असते. मुलगा आपला झाला की केवळ तिजोरीचा झाला, ही शंका त्याच्या मनातून जात नाही.

१८९४ च्या सुमारास वर्ध्यास आलेल्या जमनालालला शाळेचे शिक्षण फारसे लाभले नाही. मराठी चौथीपर्यंत शिकून १९०० मध्ये त्याने शाळा सोडली व तो दुकानावर बसू लागला. १९०२ मध्ये जावऱ्याच्या जानकीदेवींशी त्याचा विवाह झाला. खर्चासाठी रोज एक रुपया मिळे. तो साठवून शंभर रुपये झाले तेव्हा ते नागपूरच्या हिंदी केसरीला त्याने दिले, ही त्याची पहिली सार्वजनिक देणगी. पुढे लाखांनी दिले तरी या शंभर रुपयांचा आनंद त्यांना मोठा वाटे. जो पैसा स्वतःच्या खर्चातून वाचवून दिला तेवढाच आपला, हा विचार तेव्हापासूनचाच असावा.

१९०७ साली तो प्रसंग घडला. एका लग्नसमारंभास जावयाचे होते. नातवाने घराण्याच्या इभ्रतीस शोभेल असे दागिने घालून निघावे अशी बच्छराजजींची इच्छा. जमनालालला दागिन्यांचा तिटकारा. त्याने नकार दिला. बच्छराजजी स्वभावाने तापट. त्यांच्या तोंडून नको ते शब्द गेले, आणि त्यांचा रोख अखेर एकाच ठिकाणी पोचला : ज्या संपत्तीवर तू जगतोस ती माझी आहे. दागिना निमित्तमात्र होता. ज्यांनी घराण्यांतील तंटे जवळून पाहिले आहेत त्यांस हे सांगावयास नको की तंटा ज्या वस्तूवरून पेटतो त्या वस्तूसाठी तो क्वचितच असतो.

सतरा वर्षांच्या त्या तरुणाने उलट उत्तर केले नाही. त्याने मुद्रांकाच्या कागदावर बच्छराजजींना पत्र लिहिले. आपल्याविषयीचे प्रेम हे वस्तुतः संपत्तीचे प्रेम आहे असे दिसून आल्याने या संपत्तीशी आता आपला संबंध नाही; आजवर आपल्यावर जो खर्च झाला तो झाला, पुढे एका पैचीही अपेक्षा नाही; अंगावरच्या कपड्यांनिशी आपण घर सोडीत आहोत; आणि या मालमत्तेवर आपण न्यायालयात कोणताही दावा करणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. भाषा आदराची होती, त्यात शिवी नव्हती, शापही नव्हता. पत्र ठेवून तो घराबाहेर पडला.

या पत्राकडे केवळ तरुणाचा संताप म्हणून पाहणे योग्य होणार नाही. हिंदू कायद्यानुसार दत्तक वारसाला औरसाचे बहुतेक हक्क प्राप्त होतात. चार वकिलांनी मिळून लढविला असता तर दहा वर्षे चालेल एवढा दावा त्या मुलाच्या हाती होता. तो त्याने कागदावर सोडून दिला, आणि तोही साध्या कागदावर नव्हे. त्यायोगे वृद्धाच्या मनातील शंकेचे मूळच नाहीसे झाले. ज्याला तिजोरी नको, त्याच्यावर तिजोरीसाठी आल्याचा आरोप कोण करणार? बच्छराजजींना पश्चात्ताप झाला. त्यांनी माणसे धाडली, त्यांनी तरुणाची समजूत घातली आणि त्याला घरी परत आणले. तो परत आला तो नातू म्हणून; आपला लेखी त्याग मात्र त्याने मनातून कधीही मागे घेतला नाही.

त्याच वर्षी बच्छराजजी निवर्तले आणि वर्ध्याच्या पेढीचा सारा कारभार एका किशोरवयीन मुलाच्या हाती आला. आता पत्राला साक्षीदार उरला नव्हता. कायद्याने जमनालालजी निर्विवाद मालक होते. विचारणारे कोणी नव्हते. तरीही चरित्रकारांनी नोंदविले आहे की, आपण ज्या संपत्तीवर पाणी सोडले ती आपली नव्हे, आपण तिचे केवळ विश्वस्त आहोत, या भावनेने त्यांनी आजोबांकडून आलेल्या मालमत्तेचे मोल मनाशी ठरविले आणि पुढील काळात त्याहून कितीतरी अधिक रक्कम लोककार्यास दिली. ताळेबंद मांडणाऱ्यास हा व्यवहार लगेच उमगेल. भांडवलाच्या खात्यात आजोबांची रक्कम मालकाच्या नावे न दाखविता देण्याच्या बाजूस दाखवावयाची, आणि ती फिटेपर्यंत स्वतःस धनको नव्हे तर ऋणको मानावयाचे.

व्यापार त्यांनी सोडला नाही, उलट वाढविला. कापसाच्या व्यवहारात सचोटी हेच त्यांचे भांडवल होते. बच्छराज हे आजोबांचे नाव त्यांनी पेढीवर कायम ठेवले, एवढेच नव्हे तर पुढे काढलेल्या कंपन्यांनाही दिले. १९२६ हे बजाज उद्योगसमूहाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे हिंदुस्थान शुगर मिल्स हा साखर कारखाना त्यांनी उभारला. वर्ध्यातील शिक्षणसंस्थांचा पायाही त्यांनी याच काळात घातला. १९१४ पासूनचे शिक्षा मंडळ हे त्यांचेच कार्य होय. सरकारने त्यांना मानद दंडाधिकारी नेमले, महायुद्धाच्या काळात रायबहादूर ही पदवी दिली. दंडाधिकाऱ्याच्या आसनावर बसल्याने तंट्यांची दुसरी बाजूही त्यांच्या दृष्टीस पडली.

१९१५ मध्ये महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतले आणि जमनालालजी त्यांच्या सहवासात येऊ लागले. गांधीजींनी ज्या खटल्यासाठी दक्षिण आफ्रिका गाठली तो खटला व्यापारी नातलगांचाच होता, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या दोन मेमन व्यापाऱ्यांत प्रिटोरियात ४०,००० पौंडांचा दावा चालू होता. दोघे जवळचे नातेवाईक, एकाच पोरबंदरचे. दोन्ही बाजूंचे वकील खर्चाचा आकडा वाढवीत होते. दाव्याचे कागद बारकाईने वाचल्यावर गांधीजींना दिसले की आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे, परंतु खटला चालत राहिला तर दोघेही बुडतील. त्यांनी दोघांना लवादास तयार केले. लवादाने दादा अब्दुल्लांच्या बाजूने सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च असा निवाडा दिला. परंतु निवाडा झाला तरी काम संपले नव्हते. एवढी रक्कम एकरकमी मागितली असती तर तय्यब शेठचे दिवाळे वाजले असते, आणि पोरबंदरच्या मेमनांत दिवाळे म्हणजे मरणाहून वाईट. तेव्हा गांधीजींनी दादा अब्दुल्लांची मनधरणी करून लांब मुदतीचे हप्ते मान्य करून घेतले. लवाद आणि मध्यस्थी यांतील भेद या एका प्रसंगात स्पष्ट होतो. लवादाने रक्कम ठरविली. माणूस वाचविला तो मध्यस्थीने. ज्या गांधीजींनी श्रीमद् राजचंद्र या जैन जवाहिऱ्याच्या जीवनातून व्यवहारातील धर्म ओळखला, त्यांच्याकडे वर्ध्याचा हा व्यापारी ओढला गेला यात नवल नाही.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष जमनालालजी होते. याच वेळी त्यांनी गांधीजींना आपला पाचवा पुत्र म्हणून स्वीकारण्याची विनंती केली. एकदा दत्तक गेलेला मुलगा या वेळी आपण होऊन दत्तक गेला, आणि या दत्तकात मिळावयाचे काहीच नव्हते, द्यावयाचेच होते. नागपूरच्या असहकाराच्या ठरावात न्यायालयांवरील बहिष्कार आणि खाजगी तंटे पंच-लवादाकडून मिटविणे ही दोन्ही कलमे होती. जमनालालजींनी रायबहादूर ही पदवी परत केली, मानद दंडाधिकाऱ्याचे पद सोडले. ज्या वकिलांनी वकिली सोडली त्यांच्या निर्वाहासाठी टिळक स्वराज्य फंडात एक लाख रुपये दिले. व्यापाऱ्यास न्यायालयाचा त्याग हा पदवीच्या त्यागाहून जड जातो. पदवी गेल्याने उधारी बुडत नाही. दावा लावणार नाही हे एकदा जाहीर झाले की बुडव्या ऋणकोला आयतेच कुरण मिळते. पेढीचे नुकसान होणार हे दिसत असूनही त्यांनी ती वाट धरली.

न्यायालयात गेलेल्या पेढीचे काय होते हे व्यापारी वाचकांस ठाऊकच आहे. वाटणीचा दावा दाखल झाल्याची वार्ता बाजारात पसरते तेव्हा निकाल लागण्यास अद्याप वीस वर्षे असतात, परंतु पत त्याच संध्याकाळी जाते. अडते माल उधार देईनासे होतात, हुंडी सकारली जात नाही, ठेवीदार रांग लावतात. न्यायालय रिसीव्हर नेमते. त्या बिचाऱ्याला ना मालाची पारख ना गिऱ्हाइकाची ओळख. गोदामात पडलेला माल हंगाम उलटला की अर्ध्या मोलाचा होतो. ज्या नावासाठी दोघे भाऊ भांडतात ते नाव निकालापर्यंत कवडीमोल झालेले असते. आणि निकाल लागला तरी दिवाळीला एकमेकांच्या घरी जाण्याचा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

याउलट घरातल्या घरात समेट घडवून आणणाऱ्या मध्यस्थास काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रत्येकाचे म्हणणे प्रथम एकेकट्याचे ऐकावे लागते, कारण भावासमोर भाऊ खरे बोलत नाही. सर्वांना मान्य अशी एक तारीख ठरवून त्या दिवसाचा ताळेबंद सर्वांसमक्ष मांडावा लागतो. लपविलेली एक वही पुढे सापडली तर सारा समेट उधळतो. स्त्रीधन आणि विधवांचा निर्वाह वाटणीआधी बाजूस काढावा लागतो. पेढीचे नाव एकाकडे गेले तर त्याची भरपाई इतरांना, आणि ती देखील प्रिटोरियाच्या तय्यब शेठसारखी झेपेल अशा हप्त्यांनी. कित्येक ठिकाणी एकाने वाटे करावयाचे आणि दुसऱ्याने आधी उचलावयाचे ही जुनी रीत आजही वकिली मसुद्याहून उपयोगी पडते. तोंडी कौटुंबिक समझोताही ग्राह्य असून, झालेल्या समझोत्याची नुसती आठवण म्हणून केलेल्या टिपणास नोंदणीची गरज नसते, मात्र कागदानेच वाटणी होत असेल तर नोंदणी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या एका प्रसिद्ध निकालात स्पष्ट केले. २००२ पासून दिवाणी न्यायालयेही पक्षकारांना मध्यस्थीकडे पाठवू लागली आणि २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थी अधिनियमच संमत केला. जे नागपूरच्या मंडपात १९२० मध्ये बहिष्कार म्हणून सांगितले गेले ते शंभर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले. अनेकांताची शिकवण मिळालेल्या समाजास तर यात नवीन काहीच नाही : प्रत्येक पक्षकाराची वही एका अंगाने खरी असते, आणि मध्यस्थाला सर्व वह्या एकत्र वाचाव्या लागतात.

जमनालालजींच्या घरातही हळूहळू सारे पालटले. जानकीदेवींनी सोन्याचे दागिने उतरविले, पडदा सोडला, घरातील विदेशी कपड्यांची होळी केली. ज्या घरात दागिने न घातल्यावरून नातवाला घर सोडावे लागले होते, त्याच घरातील थोरल्या कन्येचा, कमलाबाईंचा विवाह १९२६ मध्ये साबरमतीच्या आश्रमात अत्यंत साधेपणाने झाला. १९२१ मध्ये विनोबाजींना त्यांनी वर्ध्यास आणले. त्याच विनोबाजींच्या प्रेरणेने पुढे १९७४ मध्ये सर्व जैन पंथांना मान्य असा समणसुत्तं हा ग्रंथ सिद्ध झाला, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजींनी कारावास भोगला. जुलै १९२८ मध्ये आजोबांच्या वारशातून आलेले वर्ध्याचे श्रीलक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांस खुले झाले. सनातनी मंडळींचा रोष त्यांनी पत्करला, परंतु मंदिराच्या विश्वस्तांना बरोबर घेऊनच हे पाऊल टाकले. मंदिर आपल्या घराण्याचे आहे म्हणून एकट्याच्या मर्जीने त्याचे दार उघडावे, असे त्यांना वाटले नाही.

वारसाच्या वादात मध्यस्थी करण्याचा फार मोठा प्रसंग त्यांच्यावर आला तो १९३८ मध्ये, आणि तो एखाद्या पेढीचा नव्हता, एका गादीचा होता. काशी का बास हे त्यांचे जन्मगाव ज्या सीकर ठिकाण्यात होते ते जयपूर संस्थानाच्या अधीन होते. सीकरचे रावराजा कल्याणसिंह यांच्या पुत्रास शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवावे असा जयपूर दरबारचा आग्रह. रावराजांचा त्यास विरोध. मुलगा आपल्यापासून तोडला जाईल आणि ठिकाण्याचा वारसच दरबारच्या हाती जाईल, ही बापाची भीती. दरबारला वाटे की अधीन ठिकाणदार आपली आज्ञा मोडतो. प्रजा रावराजांच्या बाजूने उभी राहिली, शहराचे दरवाजे बंद झाले, फौज येऊन ठेपली. जुलैत गोळीबार होऊन माणसे दगावली. जमनालालजी त्या वेळी जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष होते. संस्थानी कारभाराचे ते टीकाकार. राजांच्या भांडणात त्यांना काय स्वारस्य असणार? परंतु मरत होती ती प्रजा. ते दोन्हीकडे गेले, दोन्हीकडचे ऐकले आणि दरवाजे उघडावेत यासाठी खटपट केली. अखेर जुलै महिन्यात समेट झाला आणि वेढा उठला.

एकीकडे मुलावर मालकी सांगणारा वडीलधारा, दुसरीकडे घराण्याची इभ्रत, मध्ये एक अल्पवयीन वारस, ज्याला कोणी फारसे विचारीत नाही. वर्ध्याच्या १९०७ च्या त्या दिवसाशी या चित्राचे साम्य जमनालालजींना जाणवले नसेल असे म्हणवत नाही.

मध्यस्थाला बिदागी काय मिळाली, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जयपूर दरबारने त्यांना राज्यात प्रवेशबंदी केली. बंदी मोडून ते १९३९ च्या आरंभी जयपूरच्या हद्दीत शिरले, पकडले गेले आणि ऑगस्टपर्यंत स्थानबद्धतेत राहिले. दोन्ही पक्षांशी सलोखा राखणाऱ्यावर दोन्हीकडून संशय येतो, हा अनुभव गावच्या पंचालाही येतोच.

जमनालालजींच्या भोवती जे कार्यकर्ते जमले त्यांत जैन बांधवांचा भरणा लक्षणीय होता. नागपूरचे पूनमचंदजी रांका राष्ट्रीय चळवळीत त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. वर्ध्याचे चिरंजीलालजी बडजाते आणि ऋषभदासजी रांका ही भारत जैन महामंडळाच्या कार्यातील ठळक नावे. दोघेही जमनालालजींच्या सहवासात घडले, आणि ऋषभदासजींनी गोसेवेच्या कार्यातही त्यांची साथ केली. श्वेतांबर-दिगंबर, स्थानकवासी-तेरापंथी हे भेद बाजूस ठेवून एका मंचावर येण्याची जी वृत्ती महामंडळाने जोपासली, तिला वर्ध्याच्या त्या वातावरणाचे खतपाणी मिळाले असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

१९३४ नंतर गांधीजी वर्ध्यास आले, १९३६ मध्ये सेगावला राहू लागले आणि ते सेवाग्राम झाले. या गावातील बरीच जमीन जमनालालजींचीच होती. काँग्रेसचे खजिनदारपद १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर त्यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले; देशाचा पैसा सांभाळणाऱ्याच्या हिशेबावर कोणी बोट ठेवल्याचे ऐकिवात नाही. धनिकांनी विश्वस्त व्हावे असे लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने हाच व्यापारी असे, असे गांधीजींनी त्यांच्या मृत्यूनंतर लिहून ठेवले आहे. अखेरच्या काळात जमनालालजींनी गोसेवेस वाहून घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरी येथे झोपडीत राहावयास गेले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे आकस्मिक देहावसान झाले. वय अवघे बावन्न.

आता वारसाचा प्रश्न पुन्हा त्याच घरात उभा राहिला. मागे पत्नी, तीन कन्या, दोन पुत्र. थोरले कमलनयन सत्तावीस वर्षांचे, धाकटे रामकृष्ण अठरा वर्षांचे. कारखाने, पेढ्या, जमिनी आणि सार्वजनिक संस्थांचा पसारा. गांधीजींनी आठ-दहा दिवसांतच जमनालालजींच्या स्नेह्यांना वर्ध्यास एकत्र बोलाविले. त्या बैठकीचा विषय मालमत्ता कोणाची हा नव्हता, दिवंगताचे कोणते काम कोण उचलणार हा होता. जानकीदेवींनी आपल्या स्वतःच्या मालकीचे जे होते ते गोसेवेला अर्पण केले आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. पुत्रांनी उद्योग सांभाळला. वाटणीचा दावा झाला नाही. जानकीदेवींना १९५६ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९७९ मध्ये त्या निवर्तल्या. कमलनयनजी १९७२ मध्ये गेल्यावर रामकृष्णजींनी १९९४ पर्यंत दोन्ही घरांचा कारभार एकत्र राखला.

तिसऱ्या पिढीत मात्र मतभेद झाले. या शतकाच्या आरंभी कमलनयनजींच्या दोन पुत्रांत, राहुल आणि शिशिर यांच्यात, विभक्त होण्याचा विषय निघाला. वर्तमानपत्रांत बरेच छापून आले, वाटाघाटी काही वर्षे लांबल्या, तुटल्या, पुन्हा जुळल्या. अखेर २००८ मध्ये परस्पर समझोत्याने वेगळे होणे झाले. मोटार-स्कूटरचा आणि वित्ताचा उद्योग थोरल्या बंधूंच्या व चुलत भावंडांच्या बाजूस राहिला. आजोबांनी १९३१ मध्ये गोला गोकर्णनाथ येथे काढलेला साखर कारखाना शिशिरजींकडे गेला.